साक्षगंधाची अंगठी कशी निवडायची? वजन, खडा, माप आणि घरातली बोलणी

(या भागाचा लेखी मजकूर. ऐकताना जे आकडे सुटले असतील ते इथे निवांत बघा.)

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की आपल्या वऱ्हाडात एकच विषय सुरू होतो. अकोटच्या बाजार समितीत कापसाच्या गाड्या लागतात, चुकारा हातात येतो आणि घराघरांत तारखा ठरायला लागतात. आधी साक्षगंध, मग लग्न. पुण्या-मुंबईकडचे श्रोते साखरपुडा म्हणतात, आपण साक्षगंध म्हणतो. आणि साक्षगंध म्हटलं की अंगठी आलीच. काही घरांत आजी अजून ‘मुंदी’ म्हणते.

आता प्रश्न असा की ती अंगठी निवडायची कशी? आपल्याकडे बहुतेक वेळा असं होतं: पोराकडचे पोरीची अंगठी घेतात, पोरीकडचे पोराची. मामा, आत्या, मोठी माय असे पाच-सहा जण सराफाच्या दुकानात जातात. ट्रे समोर येतो, कोणी म्हणतं “हे चांगली हाये, भरीव दिसते”, बिल होतं आणि विषय संपतो. ज्या बोटात ती पुढची चाळीस वर्षं राहणार, त्या बोटाला कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आजच्या भागात मी एकच गोष्ट पटवून देणार आहे. अंगठी दोघांनी बोलून निवडायची आणि दुकानातला हिशोब स्वतः वाचायचा. बाकी सगळं याच दोन गोष्टींचा तपशील आहे.

ही प्रथा आली कुठून?

‘अंगठीशिवाय साक्षगंध होतंच नाही’ असं कोणी म्हणालं, तर जरा थांबा. साखरपुडा हा शब्दच बघा. साखरेचा पुडा. जुन्या पद्धतीच्या वाङ्निश्चयात शब्द द्यायचा असतो. सोबत नारळ, सुपारी, कुंकू, साडी आणि साखर. लग्न झालेल्या बाईच्या खुणा म्हणजे मंगळसूत्र आणि जोडवी. अंगठी आपल्याला नवी नव्हती. शाकुंतलाच्या गोष्टीत दुष्यंताची अंगठी आहे, हनुमानाने सीतेला नेऊन दिली ती रामाची अंगठी आहे. पण तिथे अंगठी ही ओळखीची खूण आहे. समारंभात एकमेकांच्या बोटात घालायची पद्धत आपल्याकडे नंतर रुळली.

हिऱ्याच्या अंगठीची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, त्याआधी जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश भारत होता. गोवळकोंड्याचं नाव त्यामुळेच झालं. पुढे १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांचे मोठे साठे सापडले. १८८८ मध्ये तिथे डी बीअर्स ही कंपनी उभी राहिली आणि हिऱ्याचा बाजार तिच्या हातात गेला. मात्र हिरे भरपूर असले की भाव पडणार. मग मागणी वाढवायला कंपनीने अमेरिकेतली एक जाहिरात संस्था नेमली. १९४७ मध्ये तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने ‘हिरा कायमचा असतो’ अशा अर्थाची ओळ लिहिली. पुढे १९८० च्या दशकात ‘दोन महिन्यांचा पगार अंगठीवर’ असं गणितही जाहिरातींनीच लोकांच्या डोक्यात घातलं.

जपानचं उदाहरण तर बघाच. १९६७ मध्ये तिथे लग्न ठरलेल्या शंभर मुलींपैकी पाच जणींकडेही हिऱ्याची अंगठी नव्हती. १९८१ पर्यंत हे प्रमाण साठाच्या आसपास गेलं. चौदा वर्षांत ‘परंपरा’ तयार झाली!

मग अंगठी घेऊच नये का? घ्या की. हौस असते, आठवण राहते. फक्त ‘इतक्याचीच पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील’ हा नियम कोणत्याही पोथीत नाही, हे डोक्यात असू द्या. म्हणजे दुकानात मान ताठ राहते.

आधी बोला, मग दुकानात जा

सरप्राइज द्यायची इच्छा सगळ्यांनाच असते. रील्समध्ये गुडघ्यावर बसून डबी उघडतात, ते छान दिसतं. पण आपल्याकडे लग्न ठरलेलं सगळ्या गावाला माहीत असतं, त्यात सरप्राइज किती उरतं? सरप्राइज द्यायचंच असेल तर डिझाइनचं द्या. माप, धातू आणि खर्च मात्र आधी बोलून घ्या.

फोनवर रोज दोन तास बोलणं चालूच असतं ना? त्यातली पंधरा मिनिटं या चार प्रश्नांना द्या.

पहिला: रोज घालणार, की फक्त कार्यक्रमात?
दुसरा: पिवळं सोनं आवडतं, की पांढरा रंग?
तिसरा: खडा हवा, की साधं वळं?
चौथा: दिवसभर हाताने काय काम करता?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. ती नर्स असेल तर दिवसातून दहा वेळा हातमोजे घालते आणि काढते. वर आलेल्या खड्याने हातमोजा फाटतो. ती शेतात कापूस वेचत असेल, शिवणकाम करत असेल, तर खडा धरणाऱ्या नख्यांमध्ये धागे अडकतात. कणीक मळताना पीठ अडकतं. तो मेकॅनिक किंवा वायरमन असेल तर कामाच्या वेळी अंगठी काढूनच ठेवावी लागते. यंत्रात अंगठी अडकून बोटाला गंभीर इजा होऊ शकते आणि धातूतून वीजही जाते. अशा हाताला बारीक, सपाट अंगठी बरी. किंवा चक्क गळ्यातल्या साखळीत घालता येईल अशी.

असं बोलणं निघालं की उत्तरंही मोकळी येतात. “मले साधीच पाह्यजे, पन रोज घालता आली पाह्यजे.” एवढं एक वाक्य कळलं तरी निम्मी निवड झाली.

हे ठरलं की घरच्यांना सांगायचं कोणी? ज्याच्या घरचे, त्याने. तिने सासरच्यांना “मला अशी नको” म्हणणं अवघड असतं आणि ते तिच्यावर टाकूही नये. तुम्ही तुमच्या आईला सांगा: “माय, अंगठी घ्यायले तिलेबी सोबत नेऊ. माप तरी बरोबर येईल.” मापाचं कारण कोणी नाकारत नाही.

वजनाची चढाओढ

आता थोडं नाजूक बोलू. साक्षगंधाच्या दिवशी मांडवात एक कुजबुज हमखास असते. “आपन पाच ग्रामची देल्ली, त्याहीनं तीनचीच आनली.” अंगठीची तुलना सुरू झाली की नात्याची सुरुवातच हिशोबाने होते.

यावर उपाय सोपा आहे. दोन्ही अंगठ्यांचा खर्च दोघांनी मिळून आधीच ठरवा आणि शक्य असेल तर एकाच दुकानातून, एकाच दिवशी घ्या. कोण किती देतं हे उघड असलं की कुजबुजीला जागा राहत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. “पोराले पाच ग्रामची आंगठी अन् गोफ पाह्यजे” अशी मागणी मुलीकडच्यांकडे झाली, तर तिला हौस म्हणायचं नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा देणं, घेणं आणि मागणं तिन्ही गुन्हे आहेत. आपण होऊन दिलेली भेट वेगळी आणि लग्नाची अट म्हणून मागितलेलं सोनं वेगळं. मुलांनो, तुमच्या नावाने घरात अशी मागणी होत असेल तर ‘मोठ्यांचं चाललंय’ म्हणून गप्प बसू नका. तुमचा एक स्पष्ट नकार पुरतो.

बजेटचा माझा साधा नियम असा: जी रक्कम देऊन सहा महिन्यांनी कोणाचं काही देणं राहणार नाही, तेवढीच. पगाराच्या महिन्यांचं गणित जाहिरातवाल्यांचं आहे, ते सोडा. कापसाचा चुकारा आला तरी त्यात बियाण्याचं, खताचं, सोसायटीचं देणं असतं. अंगठीसाठी क्रेडिट कार्डचा हप्ता किंवा व्याजाचे पैसे घेतले, तर लग्नानंतर ते दोघंच फेडत बसणार. सण-समारंभासाठी कर्ज काढू नका, हे याच मातीत गाडगेबाबा कीर्तनातून आयुष्यभर सांगत फिरले. ते अंगठीलाही लागू पडतं.

सोन्यावर लिहिलेलं वाचा

चला, आता दुकानात. पहिला गोंधळ ‘कॅरेट’ या शब्दाचा. सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता. २४ कॅरेट म्हणजे जवळजवळ शुद्ध सोनं. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, म्हणून ‘९१६’. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के, म्हणून ‘७५०’. १४ कॅरेटमध्ये ५८.५ टक्के, म्हणून ‘५८५’. हिऱ्यात मात्र कॅरेट म्हणजे वजन. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सेल्समन एकाच वाक्यात दोन्ही कॅरेट वापरतो, तेव्हा कोणता ते विचारा.

मग सगळ्यात शुद्ध ते सगळ्यात चांगलं का? अंगठीच्या बाबतीत नाही. शुद्ध सोनं मऊ असतं. अंगठी रोज बाइकच्या हँडलला, बादलीच्या कडीला, भांड्याला घासते. साध्या वळ्याला २२ कॅरेट चालतं. खडा बसवायचा असेल तर १८ कॅरेट बरं, कारण तांबं, चांदी वगैरे मिसळल्यामुळे ते कडक असतं आणि खडा घट्ट धरतं. म्हणून हिऱ्याची अंगठी १८ किंवा १४ कॅरेटची असेल तर दुकानदार फसवतोय असं लगेच समजू नका. फक्त दर त्याच कॅरेटचा लावलाय ना, ते बघा.

दुसरी गोष्ट हॉलमार्क. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग सक्तीचं होत गेलं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक, असावाच लागतो. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन खुणा शोधा: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२ के ९१६) आणि तो सहा अंकी-अक्षरी क्रमांक. डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं. दुकानात भिंग असतं, मागून घ्या. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही दिसतं.

आता फोन काढा. ‘बीआयएस केअर’ नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट. त्यात एचयूआयडी तपासायचा पर्याय आहे. क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि कोणत्या केंद्रात हॉलमार्क झाला ते दिसतं. तुमच्या हातात अंगठी आहे आणि ॲप ‘चेन’ दाखवतंय? ती अंगठी खाली ठेवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. बारीक अंगठी घेणाऱ्यांचा नेमका इथेच घोळ होतो. १.८ ग्रॅमची अंगठी घेत असाल तरी हॉलमार्कची मागा. तशी मिळत नसेल तर थोडं वजन वाढवून २ ग्रॅमच्या वर जा.

आणि हो, ‘केडीएम’ हा शब्द अजून ऐकू येतो. “केडीएम सोनं आहे, एकदम प्युअर.” केडीएम म्हणजे कॅडमियम वापरून दिलेला डाग, म्हणजे जोड. त्याचा धूर कारागिराच्या आरोग्याला घातक असतो. ती शुद्धतेची सरकारी खूण नाही. तुम्ही एचयूआयडीच विचारा.

शंका आली तर काय? हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकही दागिना तपासून घेऊ शकतो. चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क आहे. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर जितकं सोनं कमी भरलं त्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची नियमात तरतूद आहे. पण त्यासाठी पक्कं बिल हवं.

बिल कसं वाचायचं?

हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरू. हा खरा दर नाही, फक्त गणितासाठी. तुम्ही जाल त्या दिवशीचा दर दुकानाच्या फलकावर आणि इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनच्या रोजच्या दरात बघून जा.

४ ग्रॅमची अंगठी. सोन्याचे झाले ४०,०००. त्यावर मजुरी, म्हणजे घडणावळ. समजा १० टक्के, म्हणजे ४,०००. झाले ४४,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी, १,३२०. एकूण ४५,३२०. शिवाय हॉलमार्कचे एका नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर. वजन कितीही असो, हॉलमार्कचे पैसे नगावर असतात. ‘हॉलमार्कमुळे दोन हजार वाढले’ असं कोणी सांगितलं तर हसून बिल परत द्या.

आता शेजारच्या दुकानात पाटी आहे: ‘मजुरीवर ५० टक्के सूट!’ मूळ मजुरी किती विचारली तर २४ टक्के. सूट जाऊन १२ टक्के उरली. म्हणजे ४,८००, जीएसटी धरून एकूण ४६,१४४. सूट असलेली अंगठी ८२४ रुपयांनी महाग पडली. म्हणून सूट किती ते विचारू नका, ‘सगळं धरून हातात किती’ ते विचारा.

दुसरी जागा जिथे पैसे निसटतात ती म्हणजे खड्याचं वजन. अंगठी काट्यावर ४ ग्रॅम भरली, पण त्यात ०.४ ग्रॅमचा अमेरिकन डायमंड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया आहे. खरं सोनं ३.६ ग्रॅम. दुकानदाराने पूर्ण ४ ग्रॅमला सोन्याचा दर लावला, तर कमी किमतीच्या खड्याला तुम्ही सोन्याच्या भावाने ४,००० रुपये मोजले. बिलावर एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असं वेगवेगळं लिहून घ्या.

आणि मोडीचा प्रश्न घेतानाच विचारा: “उद्या परत आणली तर काय धरणार?” मजुरी आणि जीएसटी परत मिळत नाही. वर आणखी घट किती कापतात, रोख देतात की फक्त बदल्यात दुसरा दागिना, हे बिलावर लिहून घेतलं तर उत्तम. अंगठी विकायला कोणी घेत नाही, मान्य. पण आपल्याकडे एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो आणि घरातलं सोनंच कामी येतं. हे वऱ्हाडात वेगळं सांगायला नको.

आजीची जुनी पाटली किंवा अंगठी मोडून नवी करायचा विचार असेल तर तोही चांगला पर्याय आहे. सोनं घरातलं, आठवणही घरातली. फक्त जुना दागिना तुमच्यासमोर यंत्रावर तपासून घ्या, वितळवण्याआधी आणि नंतर वजन बघा आणि त्याचा कागद घ्या. मोडण्याआधी आजीला विचारायला मात्र विसरू नका.

खडा घ्यायचा तर

खडा किती कडक आहे त्यावर तो रोजच्या वापरात टिकेल की नाही ते ठरतं. कडकपणा १ ते १० अशा मोजपट्टीवर मोजतात. हिरा १०, माणिक आणि नीलम ९, क्युबिक झिरकोनिया साधारण ८, काच साडेपाचच्या आसपास आणि मोती फक्त अडीचच्या जवळपास. आता आपल्या धुळीत वाळूचे कण असतात, त्यांचा कडकपणा ७. म्हणजे धुळीचा हात पुसला तरी मोत्यावर आणि काचेवर चरे पडतात. मोत्याची अंगठी सुंदर दिसते, पण ती कार्यक्रमाची. रोजची नाही.

हिऱ्याचे दोन प्रकार समजून घ्या: खाणीतला आणि प्रयोगशाळेत वाढवलेला, म्हणजे लॅब-ग्रोन. लॅब-ग्रोन खोटा नसतो. तोही कार्बनच, चमकही तीच. साध्या डोळ्यांना फरक कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडन यांना दिलेला ७.५ कॅरेटचा हिरा लॅब-ग्रोनच होता. किमतीत मात्र मोठा फरक आहे. लॅब-ग्रोन खूप स्वस्त पडतो आणि उत्पादन वाढल्यामुळे त्याचे भाव गेल्या काही वर्षांत आणखी उतरलेत. परत विकायला गेलात तर त्याचं फारसं काही येत नाही. पण खाणीतला छोटा हिरासुद्धा विकताना घेतल्या भावाला जात नाही. म्हणून हिरा गुंतवणूक म्हणून घेऊ नका. आवडला, परवडला, तरच घ्या.

हिऱ्याला प्रमाणपत्र मागा. जीआयए किंवा आयजीआय अशा प्रयोगशाळांच्या प्रमाणपत्रावर हिऱ्याचा दर्जा आणि वजन लिहिलेलं असतं, आणि हिरा खाणीतला की लॅब-ग्रोन तेही. त्यावरचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर टाकून बघा. ‘मॉइसनाइट’ नावाचा तिसरा खडाही हल्ली ऑनलाइन दिसतो. तो हिरा नाही, सिलिकॉन कार्बाइड आहे. कडक आणि चमकदार असतो, स्वस्तही. मॉइसनाइट म्हणून घेतला तर उत्तम. हिरा म्हणून विकला तर फसवणूक. जुन्या पद्धतीचा पेनासारखा डायमंड टेस्टर त्याला हिरा समजू शकतो, त्यामुळे ‘बघा, टेस्टर वाजला’ हा पुरावा धरू नका.

खडा बसवायची पद्धतही बघा. नख्यांवर उचललेला खडा जास्त चमकतो, पण अडकतो आणि नखी झिजली की पडतो. चारी बाजूंनी सोन्याची कड असलेला खडा थोडा कमी चमकतो, पण कामाच्या हाताला तोच बरा. वर्षातून एकदा सराफाकडे नख्या तपासून घ्या.

आणि सोनं आत्ता झेपत नसेल तर चांदीची घ्या. आपल्या शेजारचं खामगाव चांदीसाठी ओळखलं जातं. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला सोन्याची करता येईल. यात कमीपणा कसला?

बोटाचं माप

अंगठी साधारणपणे करंगळीशेजारच्या बोटात, अनामिकेत घालतात. डाव्या अनामिकेतून एक शीर थेट हृदयाला जाते, असं जुन्या रोममध्ये मानत. अशी खास शीर नसते. आपल्याकडे पूजेत दर्भाचं पवित्रकही अनामिकेतच घालतात. हात कोणता, हे घरच्या पद्धतीवर सोडा.

माप घेताना तीन गोष्टी. एक, सकाळी थंडीत बोट आक्रसलेलं असतं, संध्याकाळी आणि उन्हाळ्यात फुगतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास जातो. डिसेंबरमध्ये एकदम घट्ट घेतलेली अंगठी तेव्हा निघत नाही. माप संध्याकाळी घ्या. दोन, पेरावरून अंगठी सरकली पाहिजे. बोट बारीक आणि पेर जाड असेल तर पेराचं माप महत्त्वाचं. तीन, रुंद पट्टीची अंगठी घट्ट लागते, तिला थोडं मोठं माप लागतं.

समोर भेटणं होत नसेल तर तिच्या किंवा त्याच्या व्यवस्थित बसणाऱ्या अंगठीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून मागवा आणि तो आकडा सराफाला सांगा. ऑनलाइन घेताना अमेरिकन आणि भारतीय मापांचे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे नुसता क्रमांक नको, मिलिमीटरच बोला. साधं वळं नंतर सैल-घट्ट करता येतं. पूर्ण गोलाकार खडे बसवलेली अंगठी करता येत नाही, हे घेण्याआधी लक्षात घ्या.

अकोट, अकोला की ऑनलाइन?

गावातल्या सराफाचा फायदा असा की तो ओळखीचा असतो, दुरुस्ती तिथल्या तिथे होते. तोटाही तोच! ओळखीमुळे आपण बिल मागायला लाजतो. “काका, पक्कं बिल द्या, ॲपमध्ये नंबर पाहून घेतो” हे हसत म्हणता येतं आणि चांगला सराफ त्याचा राग मानत नाही. अकोल्याला किंवा अमरावतीला डिझाइन जास्त मिळतात, पण गर्दीत घाई होते. ऑनलाइनला किंमत तोडून दाखवलेली असते, परत करायची मुदत असते. पण अंगठी हातात घालून बघता येत नाही. कुठूनही घ्या, निदान दोन ठिकाणचा हिशोब लिहून आणा आणि साक्षगंधाच्या किमान तीन आठवडे आधी घ्या. मापाची दुरुस्ती निघाली तर वेळ पाहिजे.

शेवटचं. ती अंगठी कोणाची? मुलीला भेट मिळालेली अंगठी तिची. लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर बाईला मिळालेल्या भेटी हे तिचं स्त्रीधन असतं आणि लग्नानंतरही ते तिच्याच मालकीचं राहतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणून बिलाचा आणि एचयूआयडीचा फोटो तिच्या फोनमध्येही असू द्या. ‘कपाटात ठेवतो, सांभाळून ठेवतो’ हे प्रेमाने म्हटलं तरी ठेवायचं कुठे ते तिला ठरवू द्या.

तर मंडळी, ज्या मुलखात रुक्मिणीने आपला जोडीदार स्वतः निवडला आणि तसं पत्र धाडलं असं आपण अभिमानाने सांगतो, त्या विदर्भातल्या पोरीला निदान अंगठी तरी स्वतः निवडू द्या. आणि पोराला त्याची.

पुढच्या आठवड्यात कोणाच्या घरी सराफाकडे जायचं ठरलं असेल, तर हा भाग त्यांना आत्ताच फॉरवर्ड करा. बिल झाल्यावर पाठवून उपयोग नाही. भेटू पुढच्या भागात. रामराम!